ऐतिहासिक कादंबऱ्या : वाचकाचा रोखठोक कौल

रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि माधवराव पेशवे मराठी घराघरांत येऊन बसले. थेऊरच्या प्रकरणापाशी डोळे ओले न होणारा वाचक विरळाच. परंतु डोळे पुसून झाल्यावर चोखंदळ वाचकाने विचारावे, की हे माधवराव नेमके कोण? सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे स्वीकारणारा, पानिपतानंतर खचलेली दौलत अकरा वर्षांत सावरणारा, १७६३ साली राक्षसभुवनास निजामाचा पराभव करणारा, हैदरावर पुनःपुन्हा चालून जाणारा आणि सख्ख्या चुलत्यास कैदेत ठेवणारा तो करडा पुरुष कादंबरीत नाही असे नाही. तथापि पुस्तक मिटल्यावर मनात रेंगाळतो तो रमाबाईंचा आजारी पती. पात्रे बोलू लागली, की सारी एकाच मृदू घाटणीची. राघोबादादांचा संतापदेखील कसा गोडव्यात भिजून येतो! १७७१ साली महादजी शिंदे प्रभृतींच्या फौजांनी दिल्ली हस्तगत केली, ही याच कारकिर्दीतील गोष्ट. ग्वाल्हेरच्या वाचकाला ती येथे हवी तेवढी सापडत नाही आणि त्याची ही तक्रार वाजवी आहे.

ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'संबंधी थोडक्यात सांगता येते. १९७२ साली आलेल्या या कादंबरीने मस्तानीला न्याय दिला, पुण्याच्या सोवळ्याला भीडभाड न ठेवता उघडे केले, हे तिचे श्रेय कोणी नाकारू नये. मात्र वीस वर्षे घोड्यावर काढणारा बाजीराव येथे वाड्याच्या भिंतींतच फार अडकतो. पालखेडचा डाव ज्याने मांडला तो सेनापती पाहावयाचा असेल, तर वाचकाने अन्यत्र जावे. १७४० साली ज्या रावेरखेडीस नर्मदाकाठी त्याचा अंत झाला, ती निमाडात, इंदूरकरांच्या शेजारीच आहे. या कादंबरीवर आधारलेला हिंदी बोलपट २०१५ साली आला. त्याच्या झगमगाटापुढे तर मूळ पुस्तक अगदीच संयमी वाटू लागते.

विश्वास पाटलांचे 'पानिपत' (१९८८) हे निराळ्या जातीचे पुस्तक. येथे तलवारीपेक्षा भूक मोठी आहे. उदगीरच्या विजयानंतर उत्तरेस निघालेली फौज, तिच्याबरोबरचे यात्रेकरू आणि बायकामुले, अब्दाली यमुना उतरून आल्यावर तुटलेली दिल्लीची वाट, पैशाची ओढ, दाणावैरणीची टंचाई, हे सारे पाटील अशा नेटाने उभे करतात, की १४ जानेवारी १७६१ च्या सकाळपूर्वीच वाचकाच्या पोटात खड्डा पडतो. मराठी कादंबरीत रसदेला इतका मान क्वचितच मिळाला असेल. दोष आहेत. पुस्तक पसरट आहे, भाषणे लांबतात, आणि भाऊसाहेबांवरील जुना ठपका पुसण्याच्या भरात लेखक त्यांची वकिलीच करू लागतो. वकिलाने साक्षीदार तपासावेत; कादंबरीकाराने त्यांना बोलू द्यावे. मल्हारराव होळकर रणातून निघून गेले, महादजी पायाला जायबंदी होऊन वाचले, दमाजी गायकवाडही त्या रणात होते. इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदे येथे ही पाने घरच्या माणसाविरुद्धच्या साक्षीसारखी वाचली जातात आणि प्रत्येक घरचा निकाल वेगळा लागतो.

शिवाजी सावंतांच्या 'छावा'ला (१९७९) २०२५ च्या चित्रपटामुळे नव्याने मागणी आली. संभाजीराजांवरील बदफैलीचा डाग पुसण्याची तळमळ खरी आहे. परंतु विशेषणांचा भार एवढा, की संस्कृतात 'बुधभूषण' रचणारा, १६८३ साली गोव्यात पोर्तुगीजांना हैराण करणारा मनुष्य त्या अलंकारांखाली दबून जातो. गोव्यातील वाचक हा भाग उत्सुकतेने उघडतो आणि शब्दांच्या आतषबाजीने दिपून मिटतो.

हे एवढे परखड बोलण्याचे कारण आहे. महाराष्ट्राबाहेर ज्या घरांतील मुलांना शाळेत मराठी मिळत नाही, तेथे आजोबांच्या कपाटातील ही चार पुस्तके हाच मराठ्यांचा इतिहास ठरतो. कादंबरीकाराने कल्पिलेला संवाद त्या मुलाच्या लेखी अस्सल पत्राइतकाच खरा असतो. म्हणून कादंबरी जरूर द्यावी, रंगून वाचू द्यावी. आणि तिच्याशेजारी गो. स. सरदेसाई यांच्या 'मराठी रियासती'चा त्या-त्या कालखंडाचा भाग ठेवावा. बडोद्यास सयाजीरावांच्या नोकरीत असताना सरदेसायांनी ते काम आरंभिले. त्यात संवाद नाहीत, चांदणे नाही. परंतु माधवरावांच्या मोहिमांची पाने उलटताना थेऊरचा तो रोगी पेशवा अंथरुणावरून उठून पुन्हा घोड्यावर बसलेला दिसतो.