तापलेले इंजिन आणि थंड डोके

(रस्ता सुरक्षा अभियानाच्या निमित्ताने शासकीय वाहनचालकांच्या मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोटारीच्या इंजिनाविषयी बोलावयास मी उभा राहिलो आहे, याचे आपणांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. मी कला शाखेचा पदवीधर. माझी सारी नोकरी बातमीपत्रे लिहिण्यात आणि शासनाच्या योजना गावोगावी पोहोचविण्यात गेली. इंजिनाचे ज्ञान आपले. मी केवळ शेजारच्या आसनावर बसणारा प्रवासी. तथापि, इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा हा विषय मला समजून घेणे भाग पडले. एका सहकाऱ्याचा हात त्यापायी भाजला आणि त्यास मी कारणीभूत होतो.

घाटातील ती दुपार

२००९ सालचा मे महिना होता. चिपळूणहून कुंभार्ली घाटाने आम्ही कराडकडे निघालो होतो. घाटमाथ्यावरच्या एका गावी चार वाजता कार्यक्रम होता. जीप जुनी होती. पुढे एक भरलेली मालमोटार होती आणि तिच्यामागे आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढत होतो. काटा तांबड्या पट्टीला टेकला, तसे आमच्या चालकांनी गाडी कडेला घेतली. वयाने ते माझ्यापेक्षा बरेच मोठे; कार्यालयात सारे त्यांना ‘मामा’ म्हणत. बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती. मामा म्हणाले, “साहेब, निदान अर्धा-पाऊण तास थांबावं लागेल.”

मी घड्याळाकडे पाहिले. म्हणालो, “मामा, तेवढा वेळ कुठला? पाणी ओता आणि निघू या.”

काय करावयाचे आणि काय नाही, हे मामांना पक्के ठाऊक होते. परंतु साहेबांचा शब्द पडला. पलीकडच्या टपरीवरून त्यांनी पाण्याची कळशी आणली, खांद्यावरचा टॉवेल रेडिएटरच्या झाकणावर ठेवला आणि झाकण फिरविले. पुढचे सारे क्षणात घडले. झाकण उडाले आणि उकळत्या पाण्याचा फवारा मामांच्या हातावर व गळ्यावर आला. चेहरा बाजूला होता म्हणून डोळे वाचले. टपरीवाल्याने प्रसंगावधान राखले. इंजिनासाठी भरलेली ती कळशी त्याने मामांच्या हातावर ओतली, मग दुसरी, मग तिसरी. मिळेल त्या वाहनाने आम्ही त्यांना चिपळूणला परत आणले. कार्यक्रम चार वाजता माझ्यावाचून सुरू झाला आणि माझ्यावाचून संपला. कोणाचे काही अडले नाही.

मामांना बरे होण्यास दीड महिना लागला. मी भेटावयास गेलो तेव्हा ते म्हणाले, “साहेब, चूक माझी. मी नाही म्हणायला हवं होतं.” त्यांचे ते वाक्य मी आजवर विसरलो नाही, कारण चूक त्यांची नव्हती.

पाणी शंभर अंशांना का उकळत नाही?

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी चालविण्याच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर पडतो आणि उरलेला धातूत शिरतो. ज्वलनाच्या क्षणी आतील वायूंचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर ज्या ॲल्युमिनियमचे भाग इंजिनात असतात ते सुमारे ६६० अंशांना वितळते. ही उष्णता सतत बाहेर काढीत राहिले तरच इंजिन टिकते. वॉटर पंप पाणी खेळते ठेवतो, ते इंजिनाभोवतीची उष्णता घेऊन रेडिएटरमध्ये येते आणि तेथे वारा व पंखा ती हवेत सोडतात. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट ही वाट बंद ठेवतो आणि ते पुरेसे तापले की उघडतो.

आरंभीच्या मोटारींत अशी सोय नव्हती. कार्ल बेंझ यांच्या १८८६ सालच्या मोटारीतील पाणी उकळून वाफ होऊन जात असे. १८८८ साली त्यांच्या पत्नी बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फॉर्ट्सहाइमला, म्हणजे सुमारे १०६ किलोमीटर, मोटारीने गेल्या. वाटेत त्यांना पुनःपुन्हा थांबून पाणी भरावे लागले. त्या काळी पाणी उघडे होते, म्हणून ते केवळ आटत असे.

आजच्या गाडीत ते दाबाखाली कोंडलेले असते, आणि धोक्याचे मूळ येथेच आहे. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. रेडिएटरचे झाकण साधारणतः एक वातावरण इतका जादा दाब धरून ठेवते. त्या दाबाखाली पाणी शंभरऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. आपल्या घरातील प्रेशर कुकरचेही हेच तत्त्व. झाकण सैल होताच दाब नाहीसा होतो आणि ११०-११५ अंशांचे पाणी जागच्या जागी उसळते. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून अधिक जागा लागते. अवघ्या १०० मिलिलिटर पाण्याची वाफ १६० लिटरांहून अधिक जागा मागते! ती वाट काढते झाकणातून, आणि येताना उरलेले उकळते पाणी बरोबर आणते. शिटी होत असलेल्या कुकरचे झाकण घरातली कोणतीही गृहिणी ओढणार नाही. तेच धाडस आपण रस्त्यावर मात्र करतो.

गाडी तापल्यास काय करावे?

काटा वर सरकू लागला की प्रथम वातानुकूलन बंद करावे. गाडीत हीटर असल्यास तो पूर्ण सुरू करावा. आपल्याला घाम फुटेल, पण इंजिनाची काही उष्णता त्या वाटेने निघून जाईल. काटा तांबड्या पट्टीत गेला, तांबडा दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागा पाहून गाडी कडेला घ्यावी आणि इंजिन बंद करावे. धोक्याचे दिवे लावावेत, प्रवाशांना रस्त्यापासून दूर उभे करावे. वाफ जोरात येत असताना बॉनेट उघडण्याची घाई करू नये.

त्यानंतर थांबावे. अर्धा तास तर नक्कीच, बहुधा त्याहून अधिक. बॉनेट उघडल्यावरही पंख्याजवळ हात नेऊ नये. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होऊ शकतो. रेडिएटर आणि वरचा होज पाइप हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात लावू नये. गार झाल्यावरही जाड फडके झाकणावर धरावे, तोंड व छाती दूर ठेवावी आणि झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे. ‘फुस्स’ असा आवाज आल्यास तो पूर्ण थांबू द्यावा, मगच झाकण दाबून काढावे. अनेक नव्या गाड्यांत रेडिएटरला झाकण नसते, प्लॅस्टिकच्या टाकीला असते. ती टाकी दिसावयास साधी असली तरी तिच्यातही तोच दाब असतो.

तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतू नये. धातू एकाएकी आकसून त्यास तडा जाण्याचा संभव असतो. पाणी घालावयाचे ते इंजिन निवल्यावर आणि सावकाश. पाणी पुन्हा लगेच उतरल्यास कोठेतरी गळती आहे असे समजून गाडी ओढून न्यावी. काही हजारांच्या दुरुस्तीच्या जागी संपूर्ण इंजिनाचा खर्च ओढवून घेणे शहाणपणाचे नाही.

आणि दुर्दैवाने कोणी भाजलेच, तर त्या टपरीवाल्याने केले तेच करावे. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे थंड पाणी धरावे. अंगठी, घड्याळ, बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात. बर्फ, हळद, तूप, टूथपेस्ट, शाई यांतले काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने भाग सैलसर झाकावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोळ्यांत पाणी उडाले असल्यास डोळे सतत धुवावेत.

सकाळची पाच मिनिटे

घाटातला हा प्रसंग बहुधा टाळता येतो. त्यासाठी सकाळी गाडी काढण्यापूर्वीची, इंजिन गार असतानाची पाच मिनिटे पुरतात. टाकीतील पातळी किमान आणि कमाल या दोन खुणांच्या मध्ये आहे काय, हे बाहेरूनच पाहावे. गाडीखाली ओला डाग आहे काय, हे वाकून पाहावे. होज पाइप बोटांनी दाबून पाहावेत. ते लिबलिबीत, फुगलेले किंवा तडे गेलेले असल्यास बदलावेत. इंजिन बंद असतानाच पट्टा पाहावा, कारण पुष्कळ गाड्यांत वॉटर पंप त्या पट्ट्यावरच फिरतो. रेडिएटरच्या जाळीत धूळ, किडे, पाचोळा अडकला असेल तर हलक्या धारेने धुवावा. जोराच्या धारेने त्याच्या पातळ पट्ट्या मुडपतात. टाकीतील पाणी वारंवार कमी होणे, धुराड्यातून सतत गोडसर वासाचा पांढरा धूर येणे, ऑइल दुधाळ दिसणे ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे असू शकतात. असे दिसल्यास गाडी दौऱ्यावर नेऊ नये.

कूलंटविषयी एक गैरसमज आढळतो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग ते कशाला, असे अनेकजण विचारतात. कूलंट पाणी गोठू देत नाही हे खरे. परंतु ते उत्कलनबिंदूही वाढविते आणि आतील धातूला गंज चढू देत नाही. आपल्याकडील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी पुष्कळ ठिकाणी क्षारयुक्त असते. जुन्या काळच्या बंबात किंवा हल्लीच्या गिझरमध्ये जे पांढरे किटण साचते, तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचते आणि उष्णतेची वाट अडविते. म्हणून गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेले कूलंट, सांगितलेल्या प्रमाणात, क्षारविरहित पाण्यात मिसळून वापरावे आणि सांगितलेल्या मुदतीस बदलावे. रंग सारखा दिसतो म्हणून दोन प्रकार एकत्र करू नयेत. अडचणीच्या वेळी साधे पाणी घालावे लागले, तर नंतर ते काढून यंत्रणा धुवून घ्यावी. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची प्रथाही घातक आहे. त्यामुळे दुखणे झाकले जाते, इंजिन योग्य तापमानास येण्यास विलंब लागतो, इंधन अधिक जळते आणि झीज वाढते.

आणखी एक इशारा. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते विषारी आहे आणि चवीला गोड आहे. लहान मुले व मुकी जनावरे त्याला फसतात. ते शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये, सांडलेले तसेच सोडू नये, काढलेले नाल्यात ओतू नये. कोणाच्या पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आता विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या आहेत. त्यांतही बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणा असते. तेथे नारिंगी रंगाच्या तारांतून उच्च दाबाची वीज वाहते; म्हणून त्या गाड्यांचे काम प्रशिक्षित माणसावरच सोपवावे.

दोन शब्द अधिकाऱ्यांसाठी

मित्रहो, चालकांना उपदेश करून मी खाली बसलो तर ते अन्यायाचे होईल. त्या दिवशी झाकण मामांनी फिरविले, पण ते फिरवावयास लावले माझ्या घड्याळाने. ‘अति घाई संकटात नेई’ ही पाटी आपण चालकासाठी आहे असे समजतो. वस्तुतः ती शेजारी बसलेल्या साहेबासाठीही आहे. ‘गाडी तापल्याने ४० मिनिटे थांबलो’ अशी नोंद लॉगबुकात दिसली, तर तिच्याखाली सही करताना आपल्या कपाळाला आठी पडता कामा नये. चालकाने ‘गाडी आज नेण्यासारखी नाही’ असे सांगितले, तर ती कामचुकारी नव्हे, ती त्याची जबाबदारी आहे. आणि चालक बंधुभगिनींनो, अशा वेळी नम्रपणे पण ठामपणे ‘नाही’ म्हणण्याचा आपला अधिकार आपण सोडू नये.

मामा पुढे निवृत्त झाले. त्यांच्या हातावरचे डाग मात्र गेले नाहीत. निवृत्तीपर्यंत आम्ही अनेक दौरे एकत्र केले. त्यानंतर गाडी जेव्हा जेव्हा तापली, तेव्हा मी आधी खाली उतरत असे आणि म्हणत असे, “मामा, चला, चहा घेऊ.” दोन कप चहा होईपर्यंत इंजिनही निवत असे आणि माझी घाईही.