वीज गेली तरी पाठ थांबू नये



परदेशात, विशेषतः जेथे विजेचा भरवसा नाही अशा देशांत, संगणक शिकविण्यास जाणाऱ्या कार्यकर्त्याने आधी कोल्हापूरजवळचे वारणा खोरे पाहावे. १९९८ मध्ये, अटलजी पंतप्रधान असताना, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प वारणानगर येथे हाती घेण्यात आला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकाराचा त्यास आधार होता. उसाची नोंद, वजन, बिल ही माहिती शेतकऱ्यास गावातच मिळावी, हा हेतू होता.

पुढे सात गावांत आठ महिने वेगळा प्रयोग झाला. संगणकाचे हेच काम भ्रमणध्वनीच्या लघुसंदेशांवर सोपविण्यात आले. ते स्वस्त व सोयीचे ठरले, शेतकऱ्यांनाही अधिक रुचले. त्याचा वृत्तांत २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र बदलले, शेतकऱ्याची गरज तीच राहिली.

शिक्षकाने यातून घ्यायचा बोध साधा आहे. भारनियमनाचे दिवस महाराष्ट्राने भोगले आहेत. पडदा काळा झाला की वर्ग उठतो. म्हणून कळफलकाचे चित्र पुठ्ठ्यावर काढून बोटांना सराव द्यावा. हिशेबाचा तक्ता आधी फळ्यावर मांडावा. यूपीएस थोडी मिनिटेच साथ देतो, तेव्हा केलेले काम वेळोवेळी जतन करणे हा पहिला धडा असावा. प्रत्यक्ष यंत्रावरचा वेळ थोडाच मिळेल. पण विद्यार्थी तयारीनिशी बसला, तर तो पुरेल.

साधन नेणे सोपे असते. तेथील माणसाची अडचण ओळखून शिकविणे, ही खरी सेवा होय.