अठरा पैसे आणि एक नाव

(बुलढाणा येथे पक्षाच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबांसाठी गाण्यांचा एक कार्यक्रम करावयाचा, तिकिटे लावावयाची आणि जमेल ती रक्कम त्या घरांना पोहोचवावयाची, असा आपल्या तरुण मित्रांचा बेत आहे. काही जुन्या कार्यकर्त्यांना तो पसंत नाही. हा दानधर्म झाला, यात राजकारण कोठे आहे, असा त्यांचा सवाल आहे. दोन्ही बाजूंनी मला बोलण्यास सांगितले. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले, तेव्हा हिशेबाची वही उघडूनच बोलावे हे बरे. मात्र आज मी उघडणार आहे ती वही न्यूयॉर्कची आहे.

१ ऑगस्ट १९७१ रोजी, रविवारी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘बांगला देश’साठी दोन कार्यक्रम झाले, एक दुपारी आणि एक रात्री. पूर्व बंगालात नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळाने लाखो माणसे नेली होती, आणि मार्च १९७१ पासून याह्याखानाच्या लष्कराने कत्तल आरंभिली होती. निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते. पंडित रविशंकर यांचे घराणे मूळचे त्याच मुलखातले. त्यांनी आपला शिष्य आणि मित्र जॉर्ज हॅरिसन यास गळ घातली, आणि हॅरिसनने अवघ्या काही आठवड्यांत बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार अशी त्या काळची सर्वांत मोठी मंडळी एका रंगमंचावर उभी केली. दोन्ही खेळांना मिळून सुमारे ४० हजार श्रोते आले.

आरंभ सतार आणि सरोदने झाला. रविशंकर, अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ, तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्ये जुळविणे संपताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणी इतकी आवडली असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, असे रविशंकर हसत म्हणाले. या प्रसंगाची आपल्याकडे पुष्कळ थट्टा झाली. मला त्या श्रोत्यांचे कौतुकच वाटते. कळत नसतानाही ते आदराने बसले होते.

आता हिशेब. तिकिटांचे उत्पन्न भरले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर, आणि ते संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीकडे, म्हणजे युनिसेफकडे गेले. त्या वेळी डॉलरचा भाव साडेसात रुपये होता. म्हणजे सव्वाअठरा लाख रुपये झाले. वर्षअखेरीस भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या एक कोटीच्या घरात पोहोचली होती. भागाकार आपणच करून पाहावा. माणशी अठरा पैसे येतात. जागतिक बँकेने त्या निर्वासितांच्या पोषणाचा मार्च १९७२ पर्यंतचा खर्च धरला होता ७० कोटी डॉलर.

पुढे ध्वनिमुद्रिका निघाल्या, चित्रपट निघाला आणि मोठा पैसा जमू लागला. तो मात्र अडकला. कार्यक्रमाआधी धर्मादाय संस्थेची रीतसर नोंदणी झालेली नव्हती, म्हणून अमेरिकेच्या करखात्याने त्या उत्पन्नावर वर्षानुवर्षे हात ठेवला. ब्रिटनच्या तिजोरीनेही ध्वनिमुद्रिकांवरील विक्रीकर सोडला नाही. १९८५ पर्यंत सुमारे १ कोटी २० लाख डॉलर बांगला देशाकडे रवाना झाले होते, पण तोवर छावण्या मोडून एक तप उलटले होते. ज्यांच्या नावाने टाळ्या पडल्या त्यांतील कित्येक मुले एवढा काळ थांबू शकली नसणार.

तेव्हा आमच्या जुन्या मित्रांचे म्हणणे खरे ठरले काय? मला तसे वाटत नाही. या वहीत एक जमा अशी आहे की जी आकड्यांत मांडता येत नाही.

त्या दिवशी अमेरिकेचे सरकार याह्याखानाच्या पाठीशी होते. ढाक्यातील त्यांचेच वकील आर्चर ब्लड यांनी एप्रिलमध्ये तारेने निषेध कळविला, तर त्यांनाच तेथून हलविण्यात आले. अमेरिकी सरकारच्या लेखी तो प्रदेश ‘पूर्व पाकिस्तान’ होता. आपल्या सरकारनेही बांगला देशाला मान्यता दिली ती ६ डिसेंबर १९७१ रोजी. अमेरिकेने दिली एप्रिल १९७२ मध्ये. आणि त्याच्या कितीतरी आधी, ऑगस्टच्या पहिल्या दिवशी, अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या शहरात ते नाव जाहीरपणे घेतले गेले होते. आम्ही कलावंत आहोत, राजकारण करीत नाही, असे रविशंकर रंगमंचावरून म्हणाले होते. ते प्रामाणिकपणेच बोलले असतील. परंतु नाव उच्चारले गेले होते, आणि राजकारण त्या नावातच होते. जयप्रकाशजी त्याच उन्हाळ्यात देशोदेशीच्या राजधान्यांत हेच नाव घेऊन दारोदार फिरले, आणि सप्टेंबरात त्यांनी दिल्लीत आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. सत्तेच्या दारी त्यांना जे ऐकून घ्यावे लागले, त्याच्या तुलनेत त्या ४० हजारांचे ऐकणे मला थोर वाटते.

हे रविशंकरांना आकाशातून सुचले नव्हते. १९४३ साली बंगालात दुष्काळ पडला, आणि त्याच वर्षी मुंबईत ‘इप्टा’ हे जननाट्य जन्मास आले. बिनय रॉय यांचे बंगाली पथक मुंबईत येऊन भुकेची गाणी गाऊन निधी गोळा करीत होते. आपल्या अण्णा भाऊ साठे यांनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. तरुण रविशंकर पुढे याच इप्टात आले, आणि त्या दुष्काळावरील ‘धरती के लाल’ या १९४६ च्या चित्रपटास त्यांनी संगीत दिले. म्हणून न्यूयॉर्कच्या त्या भव्य सभागृहाची एक वाट मुंबईच्या कामगार वस्तीतून गेलेली आहे, असे मी म्हणतो. फरक इतकाच की इप्टाचे पथक दुष्काळाबरोबर साठेबाजाला आणि साम्राज्य सरकारलाही नावाने हाक मारीत होते.

नाव अर्धवट घेतले की काय होते, ते १९७४ मध्ये दिसले. स्वतंत्र बांगला देशात दुष्काळ पडला. क्यूबाला तागाची पोती विकली या अपराधासाठी अमेरिकेने धान्याची मदत रोखून धरली. प्रा. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, त्या वर्षी तेथे दरडोई धान्य आजूबाजूच्या वर्षांपेक्षा कमी नव्हते. पुरात शेतमजुरांचा रोजगार बुडाला आणि भाव चढले. धान्य होते, ते विकत घेण्याची ऐपत नव्हती. तीन वर्षांपूर्वीची गाणी तेव्हाही घरोघरी वाजत होती.

पुढच्या पिढीने १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फिया येथे ‘लाइव्ह एड’ केला. पैसा कितीतरी पटींनी जमला, आणि नाव मात्र पुसट झाले. इथिओपियाची भूक जणू पाऊस न पडल्यानेच आली होती! मेंगिस्तूच्या राजवटीने माणसे जबरीने हलविली, त्यावर बोलणाऱ्या फ्रेंच डॉक्टरांच्या संस्थेला डिसेंबरात देशाबाहेर काढले, हे टाळ्यांत कोणास ऐकू आले? बॉब गेल्डॉफ यास याचे भान आले असावे. २००५ मध्ये त्याने पुन्हा मेळे भरविले, तेव्हा तिकीट नव्हते. श्रीमंत राष्ट्रांनी गरीब देशांची कर्जे रद्द करावीत, ही मागणी होती.

आता आपल्या घरी येतो. १५ नोव्हेंबर १९७१ पासून मार्च १९७३ अखेर सरकारने टपालावर पाच पैशांचा निर्वासित अधिभार बसविला होता. कुटुंबनियोजनाच्या तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ असा शिक्का मारून ते आधी चालविले. मी तेव्हा शाळेत होतो. पाकिटाला ते तिकीट मीच चिकटवीत असे. त्याच काळात आपल्या राज्यात पाऊस दगा देत होता. चिखली, मेहकर, सिंदखेडराजाकडच्या ज्या माणसांनी ते पाच पैसे दिले, त्यांतीलच कित्येक पुढे खडी फोडावयास गेले. त्यांच्यासाठी कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत, आणि त्यांच्यासाठी कोणा श्रीमंत शहरात मैफलही झाली नाही.

झाले ते वेगळेच. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. मोर्चे निघत होते, मजुरीसाठी भांडणे होत होती. त्यातून वि. स. पागे यांच्या योजनेला बळ आले, १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्यासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. माझ्याही कापला गेला, आणि स्टाफरूममध्ये त्यावर कुरकुर करणाऱ्यांत मी एकदा होतो, हे कबूल करतो. मैफलीचे तिकीट मनात आले तर घ्यावयाचे. हा कर दर महिन्याला द्यावाच लागे, आणि त्यावर उभे असलेले काम मजुराला मागता येत असे. योजनेत खोटी हजेरी होती, मजुरी थकत होती, सारे होते. तरी त्याविरुद्ध तहसीलदाराच्या कचेरीपुढे बसण्याचा हक्क मजुराच्या हातात होता.

मग कार्यक्रम करावा की नाही? माझे मत, जरूर करावा. आपला जिल्हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. त्या घरांत आज कोणी शंभर रुपये नेऊन दिले तरी ते उपयोगी पडतील, आणि दानधर्म म्हणून त्यांना नाक मुरडण्याचा अधिकार आपणापैकी कोणाला नाही.

परंतु तीन गोष्टी आधी कराव्यात. निधी ज्या संस्थेच्या नावे घ्यावयाचा तिची नोंदणी आणि तिचे बँकेतील खाते तिकीट छापण्यापूर्वी पक्के असावे. न्यूयॉर्कच्या मंडळींनी जे आधी केले नाही ते आपण करू. जमा आणि खर्च यांचा कागद महिन्याच्या आत पक्षाच्या कार्यालयाबाहेर लावावा, पै न् पैचा. आणि फलकावर रडणाऱ्या विधवेचे चित्र छापू नये. बांगला देशाच्या त्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर अन्नाच्या थाळीशी बसलेले एक हडकुळे मूल होते. जगभर ते चित्र गेले, त्या मुलाचे नाव कोणी विचारले नाही. आपल्या फलकावर अक्षरे असावीत: कापसाला आणि सोयाबीनला मिळालेला भाव, त्याखाली एकरी आलेला खर्च, आणि त्याखाली सावकाराचा व्याजदर. हे आकडे गावोगाव फिरून गोळा करण्याचे काम विरोध करणाऱ्या जुन्या मित्रांनी अंगावर घ्यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे. गाणाऱ्यांनी तालमी सुरू कराव्यात. पहिले तिकीट मी घेतो, पैसे आणले आहेत.