जो अडतो, तोच संपादक

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)



आजच्या विषयाचे नाव जरा बोजड आहे. संगणकावरचे एखादे सॉफ्टवेअर शिकवणारे पाठ अनेकांनी मिळून लिहायचे, तपासायचे आणि वेळोवेळी दुरुस्त करायचे, असा हा विषय. पण त्यामागचा प्रश्न अगदी साधा आहे. पाठ नीट झाला की नाही, हे ठरवायचे कोणी? शिकवणाऱ्याने की शिकणाऱ्याने?

पूर्वी संगणक शिकायचा तर दोनच मार्ग होते. क्लास लावायचा, नाहीतर जाडजूड पुस्तक घेऊन बसायचे. आता तिसरा मार्ग आला आहे. पडद्यावर कोणीतरी काम करून दाखवतो, तोंडाने सांगत जातो. आपण ऐकायचे, थांबवायचे, तेच स्वतः करून पाहायचे आणि जमले की पुढे जायचे. असा पाठ विद्यार्थ्याच्या हाताला काम देतो, म्हणून त्याला संवादी पाठ म्हणायचे. इंदापूर तालुक्यातल्या बावड्यासारख्या गावात हा मार्ग फार मोलाचा आहे. रोज इंदापूर, अकलूज किंवा बारामतीला जाणे प्रत्येकाला परवडत नाही, आणि मुलींच्या बाबतीत तर संध्याकाळच्या क्लासवर घरातूनच फुली पडते.

पण या पाठांत एक खोच आहे. ते लिहितो तज्ज्ञ, आणि तज्ज्ञाला स्वतःच्या सवयी दिसत नाहीत. तो सहज म्हणतो, 'आता टर्मिनल उघडा.' ते कुठे असते, कसे उघडते, हे सांगायचे त्याच्या ध्यानातही येत नाही. वर्गात मुलांचे चेहरे पाहून शिक्षक मागे वळतो, पुन्हा सांगतो. मुद्रित पाठाला चेहरे दिसत नाहीत. मग बावड्याच्या घरात एकटी बसलेली बारावीची मुलगी तिसऱ्या मिनिटाला अडते. दोनदा, तीनदा तेच पुन्हा ऐकते आणि शेवटी ठरवते, की संगणक आपल्याला जमणारा नाही. उणीव पाठात असते, पण तिचे ओझे मुलीच्या मनावर बसते. एक गाळलेली पायरी एखाद्याचा पुढचा रस्ता बंद करू शकते.

या अडचणीवर आपल्याच राज्यात पद्धतशीर काम झाले आहे. मुंबईच्या पवई येथील आयआयटीमध्ये रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा प्रकल्प उभा केला. त्याला त्या वेळच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाचे, म्हणजे आजच्या शिक्षण मंत्रालयाचे, अर्थसाहाय्य मिळाले. लिनक्स, लिबर ऑफिस, सायलॅब, पायथन, सी, जावा अशा मुक्त किंवा विनामूल्य सॉफ्टवेअरवर साधारण दहा दहा मिनिटांचे पाठ त्यांनी तयार करवले. पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ आणि अर्ध्या भागात ते सॉफ्टवेअर उघडून बसायचे, ही तिथली शिकण्याची रीत.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती पाठ घडवण्याची रीत. आधी विषयाचे दहा-दहा मिनिटांत मावतील असे तुकडे पाडतात. मग प्रत्येक पाठाची संहिता लिहिली जाते, तीही दोन रकान्यांत. डाव्या रकान्यात पडद्यावर काय दिसेल ते, उजव्या रकान्यात तोंडाने काय बोलायचे ते. नाटकाची संहिता पाहिलेल्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. संहिता जाणकार तपासतो. पण तेवढ्यावर भागत नाही. ते सॉफ्टवेअर कधीही न वापरलेला माणूस, म्हणजे नवशिका, ती संहिता समोर ठेवून एकेक पायरी करून पाहतो. तो जिथे अडेल तिथे संहिता बदलायची. हे सगळे ध्वनिमुद्रणाच्या आधी. एकदा आवाज आणि चित्र मुद्रित झाले की बदल करणे खर्चिक. कागदावरची ओळ खोडायला क्षण पुरतो, मुद्रित पाठातला एक शब्द बदलायचा तर आवाज पुन्हा भरावा लागतो.

इथे संपादनाची आपली नेहमीची कल्पना उलटी होते. वर्तमानपत्रात किंवा प्रकाशनसंस्थेत संपादक हा लेखकाहून जास्त जाणता असावा, अशी आपली अपेक्षा. इथे मात्र न जाणणारा माणूस हा अत्यंत उपयोगी संपादक. आणि त्याचे न जाणणे ही टिकणारी वस्तू नाही! एकदा पाठ शिकला की तो नवशिका राहत नाही. पुढच्या पाठाला नवा माणूस शोधावा लागतो. म्हणून हे काम एकट्यादुकट्याचे नाही, अनेकांचेच आहे.

आता भाषेकडे वळू. मूळ पाठ इंग्रजीत असतात आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत त्यांचे आवाज भरले जातात. पडद्यावरचे चित्र तेच राहते, इंग्रजीच. कारण उद्या नोकरीच्या ठिकाणी समोर येणारा पडदाही बहुधा इंग्रजीच असतो. समजावून सांगणारा आवाज तेवढा मराठी.

वाचायला सोपे वाटते, पण करताना घाम फुटेल असे हे काम आहे. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत 'क्लिक' हा शब्द आधी उच्चारला जातो आणि पडद्यावरचा बाण त्याच क्षणी हलतो. मराठीत 'फाईल मेन्यूमध्ये जाऊन, सेव्ह ॲज हा पर्याय निवडून, नाव देऊन, सेव्हवर क्लिक करा' असे लांबलचक वाक्य केले, तर आवाज शेवटाला पोचेपर्यंत चित्र कुठल्या कुठे गेलेले असते. म्हणून भाषांतरकाराला वाक्ये तोडावी लागतात. 'फाईल मेन्यूवर क्लिक करा. सेव्ह ॲज निवडा. नाव द्या.' प्रत्येक ओळीपुढे वेळ लिहून, त्या वेळात मावेल तेवढेच बोलायचे. ही लय जमली की नाही, हे ऐकणाऱ्या दुसऱ्या माणसालाच नीट कळते.

शब्दांचाही प्रश्न येतो. 'जतन करा' म्हणावे की 'सेव्ह करा'? पडद्यावर 'सेव्ह' लिहिलेले असताना विद्यार्थ्याने 'जतन' कुठे शोधावे? उलट 'ड्रॅग करा'पेक्षा 'ओढा' हा शब्द लहान मुलालाही कळतो. 'कॉपी' म्हटले की आपल्याकडच्या मुलांना आधी परीक्षेतली कॉपी आठवते, तेव्हा पहिल्या वेळी एक वाक्य जास्त खर्च करून खुलासा केलेला बरा. असे निर्णय एकट्याच्या आवडीने घेतले, तर एका पाठात एक शब्द आणि दुसऱ्यात दुसरा, असा गोंधळ होतो. पुण्यातला भाषांतरकार, विदर्भातला तपासनीस आणि इंदापूर तालुक्यातला विद्यार्थी, तिघांच्याही कानाला जो शब्द अडखळत नाही तो ठेवायचा. शब्दकोशात भर घालण्याइतकेच हे मराठीचे काम आहे.

तिसरी गोष्ट, पाठ म्हातारे होतात. भूमितीचा सिद्धांत शंभर वर्षांनी बदलत नाही, सॉफ्टवेअर मात्र दोन-तीन वर्षांत तोंडवळा बदलते. 'ऑफिस २००७' आले तेव्हा मायक्रोसॉफ्टने वर्ड आणि एक्सेलमधले जुने मेन्यू काढून वर रिबन नावाची पट्टी आणली, आणि आधीची कितीतरी पुस्तके एका फटक्यात चुकीची ठरली. पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० पासून थांबला. त्या आवृत्तीत 'प्रिंट'पुढे कंस न देता चालत असे, तिसऱ्या आवृत्तीत कंस लागतो. जुना पाठ ऐकून कंसाविना लिहिणाऱ्याला संगणक चूक दाखवतो, आणि बिचाऱ्याला कळत नाही की आपण ऐकले तसेच केले, मग चुकले कुठे! स्पोकन ट्युटोरियलमध्येही पायथनची मालिका नव्या आवृत्तीसाठी वेगळी करावी लागली.

पाठशुद्धीची परंपरा आपल्याला नवी नाही. आषाढी वारीत तुकोबांची पालखी इंदापूरहून बावड्यावरून सराटीकडे जाते. तिच्यासोबत चालणारा वारकरी जी ज्ञानेश्वरी वाचतो, तिच्यामागे एकनाथ महाराजांनी शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये केलेल्या संशोधनाचे श्रम आहेत. हस्तलिखिते उतरवून घेता घेता शिरलेली अशुद्धे त्यांनी काढली आणि पुढच्यांनी त्यात स्वतःची भर घालू नये, असे बजावले. तिथे ते योग्यच होते, कारण मूळ शब्द जपायचा होता. सॉफ्टवेअरचा पाठ नेमका याच्या उलट आहे. तो गोठवला की कामातून गेला. त्याला पुढच्या माणसाचा हात लागलाच पाहिजे.

'पण कोणीही हात लावला तर पाठ बिघडणार नाही का?' ही शंका रास्त आहे. तिला दोन उत्तरे आहेत. पहिले म्हणजे, या संहिता विकी पद्धतीच्या संचात ठेवलेल्या असतात. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने ही पद्धत आणली; 'विकी' हा हवाई बेटांवरचा शब्द, अर्थ 'झटपट'. मराठी विकिपीडिया याच पद्धतीवर चालतो. कोणी, कधी, काय बदलले याची नोंद तिथे राहते, आणि बदल चुकीचा ठरला तर आधीची प्रत परत आणता येते. दुसरे म्हणजे, सर्वांनी मिळून करणे याचा अर्थ सर्वांनी सगळेच करणे असा नाही. लिहिणारा, तपासणारा, नवशिका, भाषांतर करणारा, आवाज देणारा अशी कामे वाटलेली असतात. त्यातून हे पाठ क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली आहेत. मूळ कर्त्याला श्रेय द्या, बदल करा आणि बदललेला पाठही तशाच अटीवर इतरांना द्या, असा त्याचा सारांश.

मग बावड्याने यात काय करायचे? फार काही लागत नाही. शाळेतल्या शिक्षकांनी तीन विद्यार्थ्यांना एक पाठ लावून द्यावा आणि स्वतः गप्प बसावे. गप्प बसणे हाच यातला अवघड भाग! मुले कुठे थांबतात ते पाहावे आणि चार गोष्टी लिहाव्यात. कितव्या मिनिटाला अडले, पाठात काय सांगितले, पडद्यावर काय दिसले, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती. 'पाठ समजला नाही' या शेऱ्याचा कोणाला उपयोग नाही. 'तीन मिनिटे वीस सेकंदांवर जे बटण सांगितले ते आमच्या आवृत्तीत नाही' या एका ओळीने दुरुस्ती होऊ शकते. अनेकांकडे संगणक नसून फक्त मोबाईल असतो. त्यावर दोन भाग शेजारी मावत नाहीत. तिथे पायऱ्या वहीत उतरवून घ्याव्या लागतात, हेही पाठ करणाऱ्यांना कळायला हवे.

हीच रीत गावाच्या कामालाही लावता येईल. सातबारा ऑनलाइन कसा काढायचा, पीक पाहणी मोबाईलवर कशी नोंदवायची, याचे छोटे पाठ गावातली मुलेच करू शकतील. त्यांची परीक्षा मात्र त्यांच्या आजोबांनी घ्यावी. कधीही असे काम न केलेल्या शेतकऱ्याने पाठ ऐकत ऐकत आपला सातबारा काढून दाखवला, तर पाठ पास. तो अडला तर पाठ नापास, शेतकरी नव्हे. आणि संकेतस्थळाचा तोंडवळा बदलला की दुसऱ्या दिवशी पाठही बदलायचा.

श्रोतेहो, आपल्याकडे न कळणाऱ्याने गप्प बसावे, अशी शिस्त फार दिवस चालत आली. हात वर करून 'मला इथे कळले नाही' म्हणायला मुले लाजतात. अशा पाठांच्या कामात मात्र हेच वाक्य सर्वांत उपयोगाचे आहे. ते जो म्हणतो, तो आपल्यामागून येणाऱ्या कितीतरी जणांसाठी एक पायरी बांधून देतो.