'पगार' शब्दाचें कूळ

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेलें जळगाव जामोद समुद्रापासून दोनशें मैलांहून अधिक आंत आहे. तरी तेथील नोकरदाराच्या तोंडीं महिनाअखेरीस जो शब्द येतो, तो मात्र समुद्रावरून आलेला आहे. तो शब्द म्हणजे 'पगार'.

'वेतन' संस्कृत, 'तनखा' फारसी. 'पगार' या दोहोंपैकीं कोणाचाच नव्हे. पोर्तुगीज भाषेंत 'पागार' असें क्रियापद आहे. त्याचा अर्थ पैसे चुकते करणें. १५१० सालीं गोवें जिंकणाऱ्या पोर्तुगीजांच्या सहवासानें तें आपल्या किनाऱ्यावर उतरलें आणि मराठीनें त्याचें नाम केलें.

या 'पागार'चें मूळ लॅटिन 'पाकारे'. संस्कृत 'मकरा'चा जसा आपण 'मगर' केला, तसाच येथेंहि 'क'चा 'ग' झाला. फ्रेंचांनीं तर तो 'क' पार गिळून 'पेये' असें रूप केलें, आणि त्याच वाटेनें इंग्रजीला 'पे' हा शब्द मिळाला. म्हणजे 'पगार' आणि 'पे' हीं एकाच घरचीं भावंडें.

आतां 'पाकारे'चा अर्थ पाहा. त्याचा अर्थ शांत करणें. 'पाक्स' म्हणजे शांति. ज्याचें देणें आहे, त्याला शांत करणें म्हणजेच पैसे देणें. ही कल्पना आपल्याला परकी नाहीं. आपण तहान भागवतों आणि कर्जहि भागवतों!

हें देणें न भागल्यास काय होतें, तें वऱ्हाडानें पाहिलें आहे. निजामाच्या नांवानें ठेवलेल्या कंटिंजंट फौजेचा पगार थकत गेला. कंपनीनें तो आपल्या तिजोरींतून दिला. आणि त्या कर्जापोटीं १८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत कंपनीच्या कारभाराखालीं गेला. जमीन कसणाऱ्याला कोणीं विचारलेंहि नाहीं. शिपायासाठीं इंग्रजींत फ्रेंचमार्गें आलेला 'सोल्जर' आणि रशियन 'सोल्दात' हे दोन्ही शब्द 'सोलिदुस' या रोमन नाण्यापासून निघालेले आहेत, हें येथें ध्यानांत घेण्याजोगें आहे. शिपाई म्हणजे मूळचा पगारदारच.

तेव्हां सालदाराची मजुरी असो वा कारकुनाचें वेतन, तें वेळेवर देणें हा उपकार नव्हे. घेणाऱ्याचें मन निवेपर्यंत देणें फिटलें असें म्हणतां येत नाहीं, इतकी साक्ष हा परदेशीं जन्मलेला शब्द आजहि देत आहे.