'पुअर' म्हणजे नुसता गरीब नव्हे

इंग्रजीच्या धड्यात 'पुअर' हा शब्द आला की मुले त्याच्यापुढे 'गरीब' असे लिहून ठेवतात आणि पाठ करतात. मग निबंधात एखादा लिहितो, 'अवर काऊ इज व्हेरी पुअर.' त्याला म्हणायचे असते, आमची गाय गरीब आहे, लाथ झाडत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र वाटेल, गाय बिचारी खंगलेली दिसते! तिथे 'जेंटल' हवे.

मुलाला तरी काय बोल लावणार? या दोन शब्दांची गोत्रेच वेगळी. 'गरीब' हा मूळ अरबी. त्याचा अर्थ परका, परमुलखातला. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. परमुलखात माणूस नमूनच वागतो, म्हणून की काय, मराठीत त्याला सौम्यपणाचाही अर्थ आहे. 'पुअर'च्या मुळाशी लॅटिनमधला 'पॉपर' आहे. त्यात उणेपणा आहे, सौम्यपणा नाही.

हा उणेपणा पैशाचाच असतो असे नाही, बरं का. 'पुअर सॉइल' म्हणजे निकस जमीन, 'पुअर क्रॉप' म्हणजे बेताचे पीक, 'पुअर आयसाइट' म्हणजे अधू नजर. इंग्रजीत एका शब्दावर भागते, आपण जागोजागी निराळा शब्द योजतो. मला आपली रीत अधिक नेमकी वाटते.

आणखी एक अर्थ 'बिचारा'. 'पुअर रामा' म्हणजे बिचारा रामा. मग त्याच्या घरी दहा बैल का असेनात! पण हा अर्थ शब्द नामाआधी आला तरच. 'रामा इज पुअर' म्हटले की रामा निर्धनच. 'द पुअर' म्हणजे गोरगरीब लोक. त्यापुढे 'आर' येते, 'इज' नव्हे.

शिक्षकबंधूंनो, आता प्रगतिपुस्तकाकडे वळू. 'पुअर इन अरिथमेटिक' असा शेरा घरी जातो. बाप तो कुणाकडून तरी वाचून घेतो, वाचणारा 'गरीब' असा अर्थ सांगतो. बापाला वाटते, आमची गरिबी मास्तरांनी कशाला लिहावी? पोरगे खाली मान घालून उभे. आणि गणितात नेमके काय अडले, ते कुणालाच कळलेले नसते. त्यापेक्षा सरळ मराठीत लिहावे, 'अपूर्णांकांची बेरीज चुकते, रोज चार गणिते सोडवून घ्या.' म्हणजे घरातली थोरली बहीण तरी त्याला संध्याकाळी वही घेऊन बसवील.