‘पुट ऑफ’चे अर्थ



विषय इंग्रजीचा आणि व्यासपीठ मराठीचे, याचे काहींना नवल वाटेल. पण इंदुरात मी इतकी वर्षे इंग्रजी शिकवते आहे ती मराठी आणि हिंदी यांचा हात धरूनच. आज सांगणार आहे ती माझीच एक चूक.

माझ्या एका विद्यार्थिनीला नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे आले. आदल्या दिवशी इंग्रजीत एका ओळीचा निरोप आला, मुलाखत ‘पुट ऑफ’ झाली आहे. तिला वाटले, रद्द झाली. नवी तारीख त्या कार्यालयाच्या फलकावर लागली होती, पण ती पाहायला गेलीच नाही. नंतर मला म्हणाली, “मॅडम, तुम्हीच तर लिहून दिलं होतं.” वहीत खरोखरच माझे शब्द होते : पुट ऑफ म्हणजे मालवणे, बंद करणे. दिव्यापुरता तो अर्थ बरोबर होता. मी दिव्यापाशीच थांबले होते.

परक्यांना इंग्रजीतली ही जोडक्रियापदे फार अवघड जातात, हे डॉ. जॉन्सन यांनी आपल्या १७५५च्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले आहे. ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा मात्र बरीच अलीकडची. लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५च्या पुस्तकामुळे ती रुळली. आपण तिच्या याद्या पाठ करून घेतो. मीही घेत असे.

‘ऑफ’मध्ये ‘पासून दूर’ हा भाव आहे. सभा ‘पुट ऑफ’ केली की ती आजपासून दूर, पुढे ढकलली जाते. वासाने मला ‘पुट ऑफ’ केले, तर त्या पदार्थावरून माझे मन उडते. कोणाच्या खोकल्याने वक्ता ‘पुट ऑफ’ झाला, तर त्याचा बोलण्याचा धागा तुटतो. आणि सबबी सांगून मला कोणी ‘पुट ऑफ’ केले, तर ती निव्वळ टोलवाटोलवी.

यात परके काय आहे? आपल्याकडे विमान उडते, रंग उडतो, झोप उडते, फ्यूज उडतो आणि लग्नघरी तारांबळही उडते. तिथे आपण यादी मागत नाही. काय उडाले ते पाहतो. इंग्रजीतही आधी कर्माकडे पाहावे : सभा आहे, दिवा आहे की माणूस? ते कर्म सर्वनाम असेल तर मधेच बसते, ‘पुट इट ऑफ’. ‘पुट ऑफ इट’ असे कोणी म्हणत नाही.

म्हणून आता मी अर्थ लिहून देत नाही, वाक्ये देते. तरी ‘ही पुट मी ऑफ’ या वाक्याशी वर्ग अडतोच. त्याने टाळले, किळस आणली की लक्ष विचलित केले? मागचे-पुढचे वाक्य वाचल्याशिवाय ते कळत नाही. त्यात तास संपतो, अभ्यासक्रम मागे पडतो. विभागप्रमुखांना मी तसे कळवून ठेवले आहे.